चढ लहान होत नाही

निवृत्त माणसाने काय करावे, याविषयी ज्यांना निवृत्त व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे त्यांचीच मते फार ठाम असतात. कोणी सांगितले, रोज पहाटे इंद्रायणीच्या काठाने फिरायला जावे. कोणी म्हणाले, एकादशीला आळंदी गाठावी. मोशीहून आळंदी ती कितीशी दूर! एका भाच्याने तर मला शेअरबाजाराची गोडी लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मी सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेतले आणि आगगाडीचे इंजिन करायला घेतले.

हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "इंजिनाचं चित्र काढताय?"

"नाही, इंजिनच."

"म्हणजे खेळण्यातलं?"

"दिसेल खेळण्यासारखं. पण ते पाणी पिईल, विस्तव मागेल आणि स्वतःच्या वाफेवर चालेल."

त्यावर ते नुसते "बरं, बरं" म्हणाले. त्या 'बरं, बरं'मध्ये माझ्यापेक्षा माझ्या घरच्या मंडळींविषयीची सहानुभूती अधिक होती.

मी धंद्याने टर्नर. 1976 साली आय.टी.आय.चा दाखला घेऊन जुन्नरकडून नाशिक रस्त्याने खाली उतरलो, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लेथवर उभा राहिलो, तो चाळीस वर्षे उभाच होतो. मोशी तेव्हा खेडे होते. नागेश्वर महाराजांचे देऊळ, सभोवती शेते आणि मधून जाणारा रस्ता. 1997 साली गाव महापालिकेत आले. पुढे शेतांचे गुंठे झाले, गुंठ्यांचे मजले झाले आणि त्यांतल्याच एका मजल्यावर मी बिऱ्हाड थाटले.

या चाळीस वर्षांत मी काय केले? बुश केले, पिना केल्या, कॉलर केल्या. आमच्या धंद्यात मशिनवर जे काही चढते त्याला 'जॉब' म्हणतात. जॉब चढतो, मापात येतो, तेलात बुडतो, खोक्यात बसतो आणि फाटकाबाहेर जातो. तो पुढे कोणत्या यंत्रात बसतो, ते यंत्र कोठे फिरते, हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब मी आयुष्यभर दिला. पण ज्या यंत्रासाठी दिला ते यंत्र काही माझ्या दृष्टीस पडले नाही. ही माझी एकट्याची तक्रार नव्हे. पिंपरीपासून चाकणपर्यंत हजारो माणसे रोज सकाळी डबा घेऊन निघतात. कोणी रबराचे कडे करतो, कोणी पत्र्याला बाक देतो, कोणी नुसते भोक पाडतो. अख्खी मोटार अशी कोणीच करीत नाही.

आणि गंमत पाहा. आमच्या भागातली जुनी माणसे अजून 'टेल्को' असेच म्हणतात. त्या नावातला 'ल' लोकोमोटिव्हचा, म्हणजे इंजिनाचा, हे कितीजणांच्या ध्यानात असेल? टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी 1945 साली निघाली ती इंजिनांसाठी, आणि जमशेदपूरच्या तिच्या कारखान्यात 1970 पर्यंत वाफेची इंजिने होत होती. पिंपरीकडे मात्र मोटारी झाल्या. 2003 साली कंपनीचे नाव बदलले तेव्हा तो 'ल'ही गेला. ज्या मुलखाच्या तोंडी इतकी वर्षे इंजिनाचे नाव होते, त्या मुलखात एक तरी इंजिन व्हायला नको का? निदान हाताएवढे?

माझ्या मनातली खरी गोष्ट एवढी सोपी नव्हती. मला जन्मात एकदा अख्खी वस्तू करायची होती. जिचा पहिला घाव आणि शेवटचा स्क्रू दोन्ही माझे, जी चालली तर माझ्यामुळे चालेल आणि अडली तर माझ्यामुळे अडेल, अशी. चाळीस वर्षे तुकडे करणाऱ्या हाताला अख्खे काही जमते की नाही, हे मला डोळे आणि बोटे शाबूत आहेत तोवर पाहून घ्यायचे होते.

कोणते इंजिन करावे याचा फार विचार करावा लागला नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 साली ते लोकांना खुले झाले. तिथले इवले शहर, सिग्नल आणि धावत्या गाड्या पाहून माझ्यासारखा लोखंडी माणूसही मूल होतो. परंतु तिथल्या गाड्या विजेवर धावतात. मला हवी होती खरी वाफ. आणि महाराष्ट्रात वाफेच्या छोट्या इंजिनाचे नाव काढले की आधी माथेरान डोळ्यांपुढे येते.

नेरळ-माथेरानचा रूळ 1907 साली सुरू झाला. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून तो बांधला. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा ध्यास घेतला होता. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या कामाचे सल्लागार होते. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट. वीस-एकवीस किलोमीटरांत सातशे मीटरांहून अधिक उंची गाठायची आणि तीही कड्याच्या कडेकडेने नागमोडी वळणे घेत. चढ कोठे कोठे विसास एक, म्हणजे वीस पावले पुढे टाकली की एक पाऊल वर. साध्या आगगाडीला हा चढ म्हणजे भिंतच. त्यासाठी जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन आणि कोप्पेल या कारखान्यातून चार इंजिने आणली होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ती निवृत्त झाली आणि डिझेलची इंजिने आली. एक म्हातारे इंजिन नेरळला उभे करून ठेवले होते. टेप, वही आणि पेन्सिल घेऊन मी तीन फेऱ्या केल्या. परवानगी देणाऱ्या साहेबांनी विचारले, "कोणत्या कंपनीकडून आलात?" चाळीस वर्षांत प्रथमच मी सांगू शकलो, "कोणत्याच नाही."

प्रमाण ठरवणे सोपे गेले. विलायतेतल्या हौशी मंडळींनी एक सोयीचा आकडा रूढ केला आहे: एका फुटाला सोळा मिलिमीटर. दोन फुटांचा रूळ म्हणजे बरोबर 32 मिलिमीटर. मूळ वस्तूच्या सुमारे एकोणिसावा हिस्सा.

लहान करण्याची कला आपल्याला नवी नाही. भातुकली ही आपली, आणि दिवाळीतला किल्लाही आपलाच. मात्र किल्ल्यावर प्रमाणाचे कायदे चालत नाहीत. तिथे शिवाजीमहाराज बुरुजाहून उंच असतात आणि वाघ दरवाजात मावत नाही, तरी कोणाचे काही बिघडत नाही. इंजिनाचे तसे नाही. तिथे केसभर चूक झाली तर चाक फिरत नाही. म्हणून मी एकेक माप घेऊन त्याला एकोणिसाने भागत बसलो, आणि भागता भागता एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. सगळ्याच गोष्टी सारख्या लहान होत नाहीत!

लांबी एकोणिसाव्या हिश्श्याने उतरते. पत्र्याचे क्षेत्रफळ मात्र 361 पटींनी उतरते आणि वजन तर 6,859 पटींनी. मूळ इंजिनातले एक टन लोखंड माझ्याकडे येईतो 146 ग्रॅम होते! वाफेचे पाणी जितके कमी होते त्या मानाने ते निववणारा पृष्ठभाग कमी होत नाही. म्हणून छोटा बॉयलर मोठ्यापेक्षा फार लवकर निवतो. चहाचा कप पातेल्याआधी गार होतो, तसेच. वाफेचा दाबही लहान होत नाही. चौरस सेंटिमीटरला तीन किलो म्हणजे तीन किलो. तो बॉयलर हत्तीएवढा आहे की उंदराएवढा, याची वाफेला पर्वा नाही. आणि चढ तर मुळीच लहान होत नाही. विसास एक म्हणजे विसास एक. वीस मीटरला एक मीटर असो, नाहीतर वीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. सगळे जग एकोणीस पटींनी आकसले तरी डोंगराचा उतार तसाच्या तसा समोर उभा राहतो.

हे कळल्यावर मला हितचिंतकांचा खरा त्रास सुरू झाला. प्रत्येकजण सांगे, "आत एक मोटर बसवून टाका. बाहेरून कोणाला कळतंय?" एकाने चिमणीतून धूर सोडायची युक्तीही सुचवली. युक्ती चांगली होती. पण बाहेरून कोणाला कळणार नाही असे काम मी नोकरीत कधी केले नव्हते, ते निवृत्तीत कशाला करू?

पहिले वर्ष चाकांत आणि चौकटीत गेले. माथेरानच्या इंजिनाची सारी खुबी त्याच्या आसांत आहे. सहा चाके एका ताठ चौकटीत बसवली तर ती त्या अवघड वळणांवर रुळांत अडकतील. त्यावर सॅक्सनीतल्या क्लीन आणि लिंडनर या दोन अभियंत्यांनी एक तोड काढली होती. आस दुहेरी करायचा: बाहेर नळी, आत दांडा. चाके नळीवर बसवायची. दांड्याच्या मधोमध एक गोळा, आणि त्या गोळ्यावर नळी टेकलेली. दांडा चौकटीत सरळ फिरत राहतो आणि नळी मात्र, मनगटावरचे सैल कडे कलावे तशी, वळणाबरोबर थोडी कलते. दांडा नळीला फिरवतो, पण जखडत नाही. पुष्कळ संसार याच तत्त्वावर चालतात, असे माझ्या मनात येऊन गेले. पण ते मी आमच्या सौ.ना बोललो नाही.

तो गोळा मला सायकलच्या बेअरिंगच्या छर्‍यात सापडला. छर्रा कडक, त्याला ड्रिल लागेना. तो लाल तापवून राखेत पुरला, रात्रभर सावकाश निवू दिला, तेव्हा सकाळी मऊ झाला. पितळेचे गज कुदळवाडीच्या भंगारातून आणले. तिथली बहुतेक दुकाने पुढे 2025 साली महापालिकेने पाडली. आता तिथून गेलो की ओळखीचा ढीग शोधूनही सापडत नाही. मोठी चाके कातायला माझा घरचा लेथ पुरेना. तळवड्याला एका तरुणाचा छोटा कारखाना आहे. तो म्हणाला, "काका, रविवारी या. मशिन तुमचंच समजा." संगणकावर चालणारे त्याचे यंत्र सहा चाके तासाभरात देते, मी त्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर सहा रविवार लावले. तो मधूनमधून येऊन पाही आणि काही न बोलता चहा ठेवून जाई.

मग बॉयलर. बॉयलर म्हटले की माणसे घाबरतात, परंतु आपल्या जुन्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या होता. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी ज्यात तापे तो तांब्याचा बंब आठवा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. तोच बंब आडवा पाडा, त्याचे तोंड कायमचे बंद करा, झाला इंजिनाचा बॉयलर! तेव्हा मी सरळ पुण्याला कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वृद्ध कारागिराने माझे ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मालक, हे भांडं कुणाला?" मी सगळे सांगितले. ते हसले नाहीत. तांबे लाल तापवून पाण्यात बुडवले की कसे मऊ होते, घाव घालता घालता पुन्हा कसे ताठर होते, मग पुन्हा कसे तापवायचे, हे त्यांनी मला शेजारी बसवून दाखवले. पोलाद मऊ करायला सावकाश निववायचे आणि तांबे चटकन निववले तरी चालते, हे पुस्तकात वाचले होते. हाताला ते त्या दिवशी कळले.

जोड द्यायचे ते चांदीच्या डागाने. कथलाचा डाग दोनशे अंशांच्या आतच पाणी होतो. बॉयलरमधले पाणी चुकून आटले तर सगळे सांधे उघडे पडायचे. चांदीचा डाग सहाशे अंशांपलीकडे वितळतो. टाकणखार किती लावायचा आणि ज्योत कोठे धरायची, हे मला चिखलीच्या एका सोनाराने शिकवले. "अण्णा, डाग विस्तवाच्या मागे धावतो," एवढे एकच वाक्य तो सारखे बोले. धावतो खरा!

बॉयलर पुरा झाला, तो थंड पाण्याने काठोकाठ भरला आणि हातपंपाने दाब चढवू लागलो. चालवायचा तीन किलोवर, म्हणून तपासायचा सहावर. थंड पाण्याने अशासाठी, की पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. सांधा उसवलाच तर नुसती धार लागते, स्फोट होत नाही. हे मी घरात तीन वेळा समजावून सांगितले, तरी सौ. स्वयंपाकघराच्या दारामागूनच पाहत होत्या. काटा सहावर गेला. पंधरा मिनिटे मी घड्याळाकडे पाहत होतो आणि त्या माझ्याकडे. काटा हलला नाही.

अडीच वर्षांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, इंजिन गच्चीवर नेले. दोन मीटरच्या फळीवर रूळ ठोकले होते आणि फळीचे एक टोक दहा सेंटिमीटर उचलले होते. विसास एक. खाली वळणाचा एक तुकडा. स्पिरिटचा दिवा लावला. दहा-बारा मिनिटांनी काटा तीनवर आला आणि सुरक्षेची झडप फुसफुसू लागली. मी वाफ सोडली. चिमणीतून आधी गरम पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. गार सिलिंडरात वाफेचे पाणी होते, ते बाहेर पडले. चाके एकदा हलली, थांबली, पुन्हा हलली. वळण तर इंजिनाने गुळगुळीत घेतले. क्लीन आणि लिंडनर यांना मी मनोमन नमस्कार केला. पण चढावर निम्म्यात ते थबकले. काटा उतरत होता. मोशीच्या माळावरचा तो गार वारा माझ्या बंबाची सारी ऊब ओढून नेत होता.

कोणी काही बोलले नाही. सौ. उठल्या, खाली गेल्या आणि जुनी चादर घेऊन आल्या. चादरीचे एक टोक त्यांनी शेजारच्या गृहस्थांच्या हाती दिले, तेच 'बरं, बरं'वाले, आणि दुसरे स्वतः धरून वाऱ्याच्या बाजूला आडोसा केला. "हं, आता सोडा," त्या म्हणाल्या. काटा पुन्हा चढला. सिलिंडर आता तापलेले होते. मी वाफ सोडली आणि ते इंजिन चढू लागले. घाई नाही, खंड नाही. प्रत्येक फेऱ्याला एकेक उच्छ्वास टाकीत, जणू आता थांबायचे कारणच उरले नाही अशा चालीने ते फळीच्या वरच्या टोकाला जाऊन पोचले. "अहो, चढलं की!" सौ. म्हणाल्या. त्या आवाजात आश्चर्य होते; पण ते इंजिनाविषयी होते की माझ्याविषयी, हे मी विचारले नाही.

त्या रात्री मी हिशोब मांडला. एकट्याने अख्खी वस्तू करायला निघालो होतो. बेअरिंगचा छर्रा कोणत्या कारखान्यातल्या कोणी केला, ठाऊक नाही. चाके तळवड्याच्या पोराच्या लेथवर झाली. तांब्याला हात तांबटाचा, डागाला अक्कल सोनाराची, आणि चढ चढला तो एका चादरीच्या आडोशाने. आस सॅक्सनीचा, चित्र जर्मनीचे, रूळ मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या ध्यासाचा. माझे म्हणून काय उरले? मला वाटले होते त्याहून थोडे. पण त्याचे वाईट वाटेना. उलट मनावरचे चाळीस वर्षांचे एक ओझे उतरल्यासारखे झाले. अख्खे असे कोणी एकटा करीतच नसेल, तर तुकडा करणाऱ्याने कमीपणा कशाला मानावा? मी केलेले ते बुश आज कोठे तरी कोणत्या तरी घाटात, कोणाच्या तरी भरल्या गाडीखाली चढत असतीलच. मी पाहिले नाहीत, एवढेच. ते मापात होते, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे.

माथेरानच्या गाडीचेही तसेच नाही का? 26 जुलै 2005 च्या पावसाने तिचा रूळ वाहून नेला, तो बांधून 2007 साली गाडी सुरू झाली. 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा मोडतोड झाली, ती 2022 च्या ऑक्टोबरात नेरळहून पुन्हा निघाली. इंजिने बदलली, चालवणारे बदलले, रुळाखालची खडी बदलली. चढ तोच राहिला, आणि दर वेळी चार नवी माणसे त्याला खांदा द्यायला येत गेली.

आता सणासुदीला सोसायटीतली मुले इंजिन पाहायला येतात. गेल्या दिवाळीत एका चिमुरडीने आत डोकावून विचारले, "आजोबा, ह्याचा ड्रायव्हर कुठंय?" मी म्हटले, "अजून केला नाही." ती खाली पळाली आणि किल्ल्यावरचा एक मातीचा मावळा घेऊन आली. मावळा अर्थातच प्रमाणात नव्हता. त्याचे पागोटे छपराला लागत होते आणि ढाल बाहेर येत होती. माझा हात सवयीने मोजपट्टीकडे गेला. मग मी तो मागे घेतला. मावळा अजून तिथेच आहे. घाट चढायचा तर त्याच्याइतका अनुभवी माणूस मला दुसरा कोठे मिळणार होता?

हल्ली मी डबा करायला घेतला आहे.